जुने रायडिंग जॅकेट : भाव कशाचा करायचा?

गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतील नौजवानांना मोटारसायकलवरून लांबच्या सफरी करण्याचा शौक लागला आहे. कोणी कोकणातून गोव्याला जातो, कोणी जूनमध्ये रजा काढून मनालीहून लेह गाठतो. शौकाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण या सफरीसाठी जो पोशाख लागतो, म्हणजे कोपर, खांदे व गुडघे सांभाळणारे जाड जॅकेट, तशीच पँट, हातमोजे आणि बूट, तो सगळा नवा घ्यायचा म्हटला तर पंचवीस-तीस हजारांचा मामला होतो. म्हणून एकाने वापरलेला माल दुसऱ्याला विकण्याचा एक बाजारच उभा राहिला आहे. मोबाईलवर फोटो पाहायचा, भाव करायचा, स्टेशनबाहेर भेटून पैसे द्यायचे आणि पिशवी घ्यायची.

आमच्या लहानपणी सवारीचा पोशाख म्हटला की घोडा आठवायचा. आता मोटारसायकल आठवते. पण माल शेवटी कापड, धागा, शिलाई आणि चामडे यांचाच आहे, आणि कापडाच्या धंद्यात उमर गेली असल्यामुळे त्याबद्दल दोन गोष्टी सांगण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो.

निमित्त माझ्या भाच्याचे झाले. साहेबजादे एके दिवशी दुकानात आले, पिशवीतून एक काळे जॅकेट काढून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाले, "मामू, तेरा हजारांचा माल साडेसहा हजारांत मिळतोय. अडीच वर्षं वापरलेलं आहे, एकदाही पडलेलं नाही. घेऊन टाकू?" विकणाऱ्याने भला माणूस म्हणून दोन दिवस पाहायला दिले होते. मी म्हटले, "बेटा, बयाणा दिला नाहीस ना? मग ठेव इथे. संध्याकाळी बघू."

त्या संध्याकाळी जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

कापड

पहिली गोष्ट अशी की साधा शर्ट जुना झाला तर तो फक्त जुना दिसतो. रायडिंगचे जॅकेट जुने झाले तर ते आपले काम करीनासे होते, आणि ते बाहेरून दिसेलच असे नाही. त्याचे काम काय? माणूस ताशी ६० किलोमीटरच्या वेगात पडला, तर तो सेकंदाला सोळा-सतरा मीटर या गतीने रस्त्याला घासत जातो आणि थांबायला साधारण दोन-तीन सेकंद लागतात. त्या दोन-तीन सेकंदांत डांबर आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी टिकले पाहिजे. साधी सुती जीन्स अशा घासण्यात सेकंदभरातच भोक पडून मोकळी होते. ज्याला हे कळले त्याला जॅकेटचा भाव दिसण्यावर का करू नये हेही कळले.

या जॅकेटांचे कापड बहुतेक पॉलिएस्टरचे किंवा नायलॉनचे असते. लेबलवर ६०० डेनिअर, ५०० डेनिअर असे आकडे असतात. भिवंडी, मालेगाव, सुरत येथील माणसाला डेनिअर समजावून सांगावे लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो: नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. आपल्या सिंथेटिक साड्यांत व शर्टिंगमध्ये ७५ ते १५० डेनिअरचा धागा चालतो. यावरून सहाशेचा धागा किती जाड, याचा अंदाज यावा. मात्र आकडा मोठा म्हणजे माल चांगला, ही समजूत चुकीची आहे. कॉर्ड्युरा या नावाने जे कापड मिळते त्यातला उत्तम प्रतीचा नायलॉन ५०० डेनिअरमध्येही साध्या ६०० डेनिअर पॉलिएस्टरपेक्षा घासण्याला जास्त टिकतो. दप्तरे आणि प्रवासी बॅगाही ६०० डेनिअरच्याच असतात, आणि स्वस्त जॅकेट बनवणारे कित्येकदा तेच बॅगेचे कापड वापरतात.

जुन्या मालात कापडाचा पहिला दुश्मन ऊन. नायलॉन उन्हात कमजोर होतो. ज्याला केवलार म्हणून ओळखतात तो अ‍ॅरामिड धागा आगीला भारी, पण उन्हापुढे तोही नाजूक. पॉलिएस्टर त्या मानाने ऊन बरे सोसतो. तेव्हा जॅकेट हातात घेतल्यावर कॉलर उलटा करा आणि कॉलरखालचा रंग खांद्यावरच्या रंगाशी ताडून पाहा. काळ्याचा तांबूस झाला असेल तर ते जॅकेट वर्षानुवर्षे उन्हात वापरलेले किंवा गॅलरीत टांगून ठेवलेले आहे. विकणारा "अडीच वर्षं" म्हणतो आणि कॉलरखाली व बाहेर दोन वेगवेगळे रंग दिसतात, तेव्हा कॉलरचे ऐकावे.

दुसरा दुश्मन आपली हवा. मुंबई व कोकणात हा जास्तच. बऱ्याच जॅकेटांच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेत हा लेप वर्षे गेली की आपोआप विरघळल्यासारखा होतो. आधी चिकट लागतो, मग त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कपाटात न वापरता ठेवलेला मालही यातून सुटत नाही. हा धडा मी पैसे देऊन शिकलो आहे. १९९८ साली एका दलालाकडून लेप दिलेल्या चाळीस जॅकेटांचा लॉट मी हौसेने उचलला होता. माल दिसायला नवा कोरा, भाव मातीमोल. पावसाळा संपायच्या आत निम्म्या जॅकेटांचे अस्तर पाठीला चिकटून निघू लागले. अब्बा हयात होते. ते एवढेच म्हणाले, "लॉट पाहिलास, वास घेतला नाहीस." तेव्हापासून मी लेपाच्या मालाचा वास आधी घेतो. बिघडू लागलेल्या लेपाला एक आंबूस, तेलकट वास येतो. तो एकदा ओळखला की विसरत नाही. मग अंगठा व तर्जनीत कापडाची आतली बाजू चोळून पाहावी. बोटे सुटताना किंचित चिकटली तरी समजून जावे. बाहेरचे कापड कितीही मजबूत असो, पावसाच्या कामाचे ते जॅकेट राहिले नाही.

पावसाचे अस्तर वेगळे काढता येत असेल तर आणखी सोपे. ते उलटे करून खांद्याच्या खोलगट भागात ग्लासभर पाणी ओतावे आणि पाच मिनिटे थांबावे. खाली थेंब आला तर त्या अस्तराची किंमत शून्य धरावी. भाच्याने आणलेल्या जॅकेटच्या अस्तराने दोन मिनिटेही दम धरला नाही.

शिलाई

मला विचाराल तर कापडापेक्षा शिलाईकडे जास्त वेळ द्यावा. पडल्यावर कापड फाटण्याआधी पुष्कळदा जोड उसवतो, आणि उसवलेल्या जोडातून उघडी कातडी रस्त्याला लागते. चांगल्या जॅकेटच्या बाहीला, खांद्याला व बाजूला दोन किंवा तीन टाके असतात आणि त्यातला एक तरी आत दडलेला असतो, म्हणजे बाहेरचा धागा घासून गेला तरी आतला जोड धरून ठेवतो. ज्या मालात एकच उघडा टाका आहे तो नवा असतानाही कमजोरच होता.

तपासण्याची रीत आमच्या धंद्यातली जुनीच आहे. जोडाच्या दोन्ही बाजू दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढायच्या. टाके दातांसारखे उघडे दिसू लागले आणि सोडल्यावर परत मिटले नाहीत, तर धागा ढिला झाला किंवा कापड टाक्यांपाशी सरकले. धागा उन्हाने कुजला असेल तर नखाने खरवडल्यावर त्याची पांढरट भुकटी निघते. ही परीक्षा काखेत करू नका, कारण काखेत ऊन लागत नाही. खांद्यावर आणि बाहीच्या वरच्या बाजूला करा.

मग दुरुस्ती शोधा. दुरुस्ती असणे हा गुन्हा नाही. पण धाग्याचा रंग एके ठिकाणी जरा निराळा, टाक्यांचे अंतर निराळे, आणि नव्या टाक्यांच्या शेजारी जुन्या सुईची रिकामी भोके दिसत असतील, तर तेथे काहीतरी घडले आहे. शिंप्याने साधा सुती किंवा पातळ धागा घातला असेल तर तो जोड दिसतो शाबूत, पण भरवशाचा नाही.

पडलेला माल ओळखावा कसा

"एकदाही पडलेलं नाही" हे वाक्य या बाजारात जितके स्वस्त आहे तितके दुसरे काही नाही. काही लोक जाणूनबुजून खोटे बोलतात. काहींनी स्वतःच तो माल जुना घेतलेला असतो, त्यामुळे त्यांना खरेच ठाऊक नसते. म्हणून तोंडाची गवाही राहू द्या, जॅकेटची घ्या.

माणूस पडतो तेव्हा आधी तळहात, कोपर, खांदा, कंबरेची हाडे व गुडघा टेकतो. जॅकेट टेबलावर पसरून याच जागा पाहाव्यात. डोळ्यांनी नव्हे, बोटाच्या टोकाने. नायलॉन व पॉलिएस्टर दोन्ही उष्णतेने वितळणारे आहेत. साधारण अडीचशे अंशांच्या पुढे धागा पातळ होतो. रस्त्यावर घासताना क्षणभरात तेवढी उष्णता निर्माण होते, धाग्यांची टोके वितळतात आणि थंड होताच त्यांचे खसखशीएवढे कडक दाणे बनतात. कापड धुतले, ब्रशने साफ केले, काळा रंग मारला तरी हे दाणे जात नाहीत. डोळे मिटून कोपरावरून बोट फिरवले की लागतात. नुसते वापराने झिजलेले कापड याच्या उलट मऊ व लवदार होते. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी हा लेख वाचल्याचे सार्थक आहे.

यानंतर बाहीत मोबाईलची बत्ती घालून खोली अंधारी करावी. सुईएवढी भोके चमकून दिसतात. मग कोपरापाशी आतले जाळीदार अस्तर पाहावे. बाहेरून साफसूफ असते, पण आत पॅडच्या फोमचा चुरा पडलेला असतो. खांद्यावर किंवा कोपरावर एखादा बिल्ला, झेंडा वा नावाची पट्टी शिवलेली असेल तर तिच्याखाली काय आहे ते अवश्य विचारावे. झेंडे हौसेनेही लावतात हे खरे, पण बरोबर एका कोपरावरच का लावला?

भाच्याच्या जॅकेटला बिल्ला नव्हता. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला मात्र रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दाणे लागले. तिथेच बत्तीत तीन भोके दिसली. मी त्याचे बोट धरून त्या जागेवर फिरवले. साहेबजादे गप्प झाले.

पॅड आणि लेबल

जॅकेटच्या आत कोपर, खांदे व पाठीला जे पॅड असतात तेच धक्का झेलतात. कापड घासण्यापासून वाचवते, पॅड आदळण्यापासून. दोन्ही कामे निराळी आहेत. युरोपच्या मापाप्रमाणे या पॅडांचे दोन दर्जे असतात आणि पॅडवरच ते कोरलेले असते. मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, ईएन १६२१ हा क्रमांक, आणि दर्जा १ किंवा २. कोपर-खांद्याच्या दर्जा १ च्या पॅडमधून ठरावीक आघाताचा सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत पोचला तरी चालतो, दर्जा २ मध्ये २० पर्यंतच. पाठीचे माप याहून कडक आहे: दर्जा १ ला १८, दर्जा २ ला ९. म्हणजे दोन दर्जांत उन्नीस-बीसचा फरक नसून जवळपास दुपटीचा आहे. काही पॅडांवर टी अधिक व टी उणे अशी खूण असते. ते पॅड ४० अंश गरमीत व शून्याखाली १० अंश थंडीतही तपासलेले असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा लडाखच्या घाटात जाणाऱ्याला ही खूण कामाची आहे.

पॅड बाहेर काढल्याशिवाय जॅकेट घेऊ नये. विकणारा "आहेत ना आत" म्हणतो, आणि पाठीच्या खिशातून निघतो गादीच्या फोमचा तुकडा. नव्या स्वस्त जॅकेटांतही पाठीला नुसता फोम घालून देण्याची पद्धत आहे, त्यामुळे विकणारा लबाड असेलच असे नाही. त्याला स्वतःलाही माहीत नसते. पॅड हातात घेऊन वाकवा. तो वाकला पाहिजे आणि हळूहळू पूर्वरूपाला आला पाहिजे. दगडासारखा कडक झाला असेल, घडीवर चिरा पडत असतील किंवा बोटाला चुरा लागत असेल तर तो बदलण्याच्या लायकीचा.

खुद्द जॅकेटच्या कापडालाही २०२० पासून युरोपात ईएन १७०९२ हे माप आहे. त्यात एएए, एए, ए अशा पायऱ्या आहेत. घासण्याची कसोटी कापडाच्या सर्वांत जोखमीच्या भागासाठी अनुक्रमे १२०, ७० व ४५ किलोमीटर वेगाला धरून घेतात. त्याखाली बी म्हणजे घासण्यापासून 'ए' इतकेच संरक्षण पण पॅडशिवाय, आणि सी म्हणजे नुसते पॅड धरून ठेवणारे वस्त्र. लेबलवर ही पायरी असेल तर तुलना सोपी होते. आपल्या देशात हेल्मेटप्रमाणे जॅकेटला मानकाची सक्ती नाही, म्हणून नुसती 'सीई' ही दोन अक्षरे पाहून भुलू नये. पुष्कळदा ती पॅडबद्दल असतात, जॅकेटबद्दल नसतात.

चामड्याबद्दल

चामड्याचे जॅकेट घासण्याला सिंथेटिकपेक्षा वरचढ ठरते, पण ते सवारीसाठी बनवलेले असेल तर. फॅशनच्या जॅकेटचे चामडे पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, सवारीचे एक मिलिमीटरच्या वर, सव्वापर्यंत. धारावीतल्या कारागिराच्या हातात दिलेत तर तो चिमटीतच सांगेल. जुन्या चामड्याची घडी घालून पाहा. घडीवर बारीक भेगा पडल्या तर तेल-मेण देऊन ते परत जिवंत होत नाही. बुरशी वरवरची असेल तर पुसता येते, पण टाक्यांच्या रेषेत शिरलेली बुरशी धागा खाते. चामड्याला पुन्हा शिलाई मारली असेल तर जास्तच सावध राहावे, कारण कापडातली सुईची भोके मिटतात, चामड्यातली कायम राहतात आणि पोस्टाच्या तिकिटासारखी त्याच रेषेत फाटतात.

आपल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. हातमोजे, बूट आणि काही जॅकेटांच्या अस्तरात डुकराचे चामडे वापरले जाते. नव्या मालावर लेबल असते, जुन्यावर ते धुऊन पुसले गेलेले असते. ओळखण्याची एक खूण अशी की या चामड्यावर केसांची भोके तीन-तीनच्या झुपक्यांत, त्रिकोणासारखी दिसतात. गाई-म्हशीच्या चामड्यावर असे झुपके नसतात. चामड्याची वरची पापडी काढून टाकलेली असेल तरीही भिंगातून ही भोके पुष्कळदा दिसतात. इतर जनावरांचे चामडे कमावल्याने पाक होते, याचे होत नाही, हे सर्वांना ठाऊकच आहे. संशय असेल तर सिंथेटिक हातमोजे घ्यावेत. त्यांत काही कमी नाही.

हातमोजे व बूट यांबद्दल जास्त लिहीत नाही. हातमोज्याचा तळवा पाहावा, बुटाचा तळ नखाने दाबून पाहावा आणि घोट्यापाशी आधार उरला आहे की नाही ते बघावे. हेल्मेट मात्र जुने कोणत्याही भावाने, फुकटही घेऊ नये. त्याच्या आतल्या थर्मोकोलसारख्या थराचे काम एकदाच दबण्याचे असते. दबला की संपला, आणि बाहेरच्या कवचावर ओरखडाही नसू शकतो. १ जून २०२१ पासून आपल्याकडे दुचाकीस्वाराच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तसे नवे हेल्मेट हजार-बाराशेतही मिळते.

हिशेब

आता पैशाचे. लोक जुन्या मालाचा भाव त्याच्या जुन्या बिलाशी ताडून पाहतात. तेरा हजारांचे साडेसहात मिळाले, म्हणजे निम्म्यात मिळाले! माझ्या मते येथेच फसगत होते. विकणाऱ्याने तेव्हा किती दिले याच्याशी तुम्हाला काय करायचे आहे? त्याच दर्जाचे नवे जॅकेट आज बाजारात कितीला मिळते, हा आकडा धरावा. मी चौकशी केली. त्याच पायरीचे, त्याच दर्जाचे पॅड असलेले नवे जॅकेट साडेदहा हजारांत मिळत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो. तोही धरून. म्हणजे त्यातले सुमारे सोळाशे रुपये सरकारी कराचे. जुन्या मालाकडे लोकांचा ओढा वाढण्याचे हेही एक कारण आहे.

नियमित वापरात अशा जॅकेटचे आयुष्य मी पाच वर्षे धरतो. हा माझा अंदाज आहे, कोणी कमी-जास्त धरील. अडीच वर्षे गेली, अडीच उरली. तेव्हा न पडलेल्या, पूर्ण सामानासकटच्या जॅकेटची किंमत साडेदहा हजारांच्या निम्मी, म्हणजे ५,२५०. यातून जे नाही ते वजा करायचे. पाठीला खरा पॅड नव्हता, त्याचे १,८००. पावसाचे अस्तर गेले, म्हणून वेगळा रेनकोट १,२००. पुढच्या चेनचा रनर अडकत होता, तो बदलण्याचे २५०. धुलाई २००. एकूण ३,४५०. उरले १,८००. मागणी होती साडेसहा हजारांची! आणि हा हिशेब जॅकेट पडलेले नाही असे धरून. कोपर वितळलेले जॅकेट म्हणजे थंडीचा कोट. सवारीच्या पोशाखाचा भाव त्याला लागत नाही.

हिशेब नेहमी असाच उलटा येतो असे नाही. सहा महिने वापरलेले, बिल व सर्व पॅड असलेले, मालकाचे वजन वाढले म्हणून विकायला निघालेले जॅकेट निम्म्या भावात मिळाले तर आनंदाने घ्यावे. असे सौदे होतात आणि लेहहून परतलेल्या मंडळींकडे ते जास्त होतात, कारण बरेच जण आयुष्यात एकदाच जातात. मात्र अंगावर घालून, मोटारसायकलवर बसून, हात हँडलला लावून पाहावे. उभे असताना बरोबर बसणारा कोपराचा पॅड बसल्यावर मनगटाकडे सरकत असेल, तर तो माल तुमच्या मापाचा नाही, मग भाव कितीही कमी असो.

विकणाऱ्यांसाठी

काही वाचकांनी जुन्या रायडिंग मालाचे दुकान काढण्याबद्दल विचारले आहे. धंदा वाईट नाही. नोंदणी असलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे त्याला पूर्ण विक्रीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो. त्यासाठी प्रत्येक नगाची खरेदी-विक्री वेगळी लिहून ठेवावी. परदेशी वापरलेल्या कपड्यांच्या गाठी आयात करण्याचे स्वप्न मात्र पाहू नये. वापरलेले कपडे आणायला परवाना लागतो. पानिपतच्या कारखान्यांत जातो तो फाडलेला, चिंधी केलेला माल, अंगावर घालायचा नव्हे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ऐबाची. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात रसूलुल्लाह (स.) यांनी हात घातला, आतले धान्य ओले निघाले, आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले. हा किस्सा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकला आहे. ठाऊक असलेला ऐब लपवून विकला तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क राहतो. फिकहमध्ये यालाच खियारे-ऐब म्हणतात. साडीतला ऐब लपवला तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात. जॅकेट पडलेले आहे हे लपवले तर कोणाचा तरी हात जाऊ शकतो. वितळलेल्या कोपराचे जॅकेट विकायचेच असेल तर कोपर वर करून दाखवावे, पॅड काढून घ्यावेत आणि पावतीवर लिहून द्यावे.

भाच्याने जॅकेट परत नेले. मी त्याला बजावले होते की भांडायचे नाही, फक्त कोपरावर त्याचेही बोट फिरवायचे. विकणारा मुलगा सरळ निघाला. तो म्हणाला, मी स्वतः पडलो नाही ही गोष्ट खरी आहे, पण दोस्ताने एकदा जॅकेट नेले होते आणि त्याची गाडी घाटात सरकली होती. मला वाटले, फाटले नाही म्हणजे काही झाले नाही. त्याच रात्री त्याने माझा नंबर घेऊन फोन केला. "चाचा, मग याचे आता किती मागू?" मी म्हटले, खांद्याचे आणि कोपराचे पॅड तपासून पाहा. उजव्या कोपराचा टाकून दे, बाकीचे शाबूत असतील तर वेगळे विक. जॅकेट पडलेले आहे असे लिही आणि थंडीचा कोट म्हणून सात-आठशे माग.

आठवड्याने भाच्याने त्याची नवी जाहिरात दाखवली. कोपराचा फोटो सर्वांत पुढे होता. जॅकेट साडेसातशेला गेले, पहाटे दुधाच्या गाडीवर जाणाऱ्या एकाला. भाच्याने नव्या जॅकेटसाठी ईदपर्यंत पैसे साठवायचे ठरवले आहे. पँट मात्र त्याला जुनीच मिळाली, गुडघ्याच्या दर्जा २ च्या पॅडसकट २,२०० रुपयांत. ती घेताना तो एकटाच गेला होता. मी नंतर बोट फिरवून पाहिले, दाणे कुठे लागले नाहीत.